तळावरचा चौकोन

चुकून झालं ते. नाहीतर त्या किटलीवर मी जन्मात कधी वाफ सोडली नसती. टेबलावर एका निवर्तलेल्या डॉक्टरच्या घरातून लिलावासाठी आलेली चांदी मांडलेली होती, तबकं, मेणबत्तीच्या बैठका, मोहरीच्या कुप्या, एक अवजड फळदाणी, आणि त्याच टेबलाच्या कडेला माझी स्वतःची किटली होती. तिच्या लाकडी मुठीची खीळ सैल झाली होती आणि बारीक हत्यारं इथे लिलावघरात, माझ्या चांदी पारखायच्या खोलीत होती, म्हणून पिशवीत घालून आणलेली. शेजारच्या खोलीतला चिनी मातीच्या भांड्यांचा जाणकार, ज्याला सगळे बशीवाला म्हणतात, दारात उभा राहून लिफ्टबद्दल कुरकुरत होता. मी त्याला ‘हो ना, हो ना’ करत होते आणि हात आपलं काम करत होते. वस्तू उचलायची, उपडी करायची, उजेडाकडे धरायची, चष्म्याची काच पुसताना सोडतो तशी तळावर तोंडाची वाफ सोडायची, आणि ती विरायच्या आत बघायचं. एक झाली, दोन झाल्या. मग हातातल्या तळावर वाफ धरली आणि त्या धुरकट गोलात, चार जुन्या शिक्क्यांच्या भोवती, केसासारखी बारीक एक रेघ उमटली. चौकोनी. वाफ उडाली, रेघ गेली. ‘सापडला वाटतं चोर,’ बशीवाला म्हणाला, कारण माझा चेहरा त्याला ओळखता येतो. ‘सापडला,’ मी म्हटलं, आणि खरं सांगते, मला आनंदच झाला होता. कुणाची लबाडी पकडली की मला अजून शाळकरी पोरीसारखा आनंद होतो. मग हाताला लाकडी मूठ डुगडुगलेली जाणवली आणि कळलं, ही माझी किटली आहे.

बशीवाला गेल्यावर मी दार लोटलं आणि पुन्हा वाफ सोडली. पुन्हा चौकोन. खिडकीशी नेली, आमच्या खोलीला उत्तरेचा उजेड आहे, तो खोटं बोलत नाही म्हणून ही खोली चांदीला दिली आहे, तिथे धरली. चौकोन. या चौकोनाचा अर्थ मी इतक्या लोकांना समजावून सांगितला आहे की झोपेतही सांगेन. चांदीचं वय आणि कस सांगणारा खरा जुना शिक्का असलेली एखादी मोडकी, क्षुल्लक वस्तू घ्यायची, एखादी छोटी वाटी म्हणा. शिक्क्यापुरता तुकडा कापायचा. मग एका नव्या, मोठ्या वस्तूच्या तळाला तेवढीच खाच करायची, तुकडा तिच्यात बसवायचा, झाळ लावून जोडायचा आणि घासून सपाट करायचा. शिक्का खरा, चांदी खरी, वस्तू खोटी. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण झाळीचा धातू आणि चांदी यांच्यावर वाफ सारखी बसत नाही. मी लोकांना हे सांगते तेव्हा ते आधी हसतात आणि मग त्यांचा चेहरा उतरतो. माझा कसा उतरला ते बघायला खोलीत कुणी नव्हतं, हे एक बरं झालं.

ही किटली म्हणजे आमचा नमुना होता. हे नीट सांगायला हवं, नाहीतर एका किटलीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. बाबा चांदीची डागडुजी करायचे. घराच्या मागच्या बाजूला त्यांची खोली होती, एक लाकडी बाक, हातोड्या, कानशी, आणि सगळ्या खोलीभर तापलेल्या धातूचा वास, जो त्यांच्या शर्टांना शेवटपर्यंत होता. त्यांचं प्रत्येक काम झालं की आतल्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही असा ते गव्हाच्या दाण्याएवढा शिक्का मारत. दाणाच होता तो, मधे एक चीर. ‘काम माझं असेल तर मी लपवणार नाही आणि मिरवणारही नाही,’ असं म्हणायचे. मी त्यांच्याकडे शिकायला बसले तेव्हा फ्रॉकमध्ये होते. पहिल्याच दिवशी त्यांनी ही किटली समोर ठेवली आणि म्हणाले, हा आपला नमुना. जुनी, अस्सल. हिचं वजन हाताला पाठ कर, हिचा रंग डोळ्याला पाठ कर, हिच्या शिक्क्यांच्या कडा कशा झिजल्यात ते बघ. पुढे जे काही हातात येईल ते हिच्याशी ताडून बघायचं. फक्त एक. नमुन्यावर वाफ सोडायची नाही आणि नमुना कसाला लावायचा नाही. वाफेने डाग पडतात. बाबांनी सांगितलं, मी ऐकलं. मी त्यांचं फार ऐकायची. पुढे मी जे काही शिकले, ज्या जोरावर आज माझ्या एका मानेच्या हालचालीने माणसं आनंदाने रडतात किंवा चिडून निघून जातात, ते सगळं या किटलीवर शिकले. आणि तिचाच तळ खोटा.

खोटा आहे, तर मग कधीपासून? हा प्रश्न मला पडला आणि त्याचं उत्तरही त्याच श्वासात मिळालं, इतकं पटकन की त्याची लाज वाटायला हवी होती. बाबा गेल्यावर आई दादाकडे राहिली. किटली तिच्याबरोबर गेली. आई गेली तेव्हा मी दादाला म्हटलं, ‘मला बाकी काही नको, तेवढी किटली दे.’ दादा म्हणाला, ‘अगं तुझीच आहे ती, मला काय करायचीय.’ वहिनीने पिठाच्या जुन्या कापडी पिशवीत गुंडाळून दिली. म्हणजे मधली सगळी वर्षं किटली दादाच्या घरात, काचेच्या कपाटात होती. म्हणजे अस्सल किटली गेली आणि तिच्या जागी हुबेहूब दुसरी आली, ती तिथेच. दादाचा एक मित्र आहे, जुन्या फर्निचरची दलाली करतो. गोड बोलतो आणि निघताना प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरतो. एकदा मी गेले होते तेव्हा तो कपाटासमोर उभा होता आणि म्हणाला होता, ‘वहिनी, किटली फार देखणी आहे हो.’ तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता तेच वाक्य मला सौद्यासारखं ऐकू आलं. शिवाय दादाचा मुलगा परदेशी शिकायला गेला ते त्याच सुमाराला. शिवाय किटली देताना वहिनीने ती गुंडाळूनच दिली, उघडून दाखवली नाही. शिवाय, शिवाय. एकदा शिवाय सुरू झालं की थांबत नाही.

मी वहिनीला फोन लावला. ‘वहिनी, किटली कधी कुणाकडे दुरुस्तीला दिली होती का हो?’

‘नाही हो वन्सं. कुणाला देणार? कपाटाबाहेर काढली ती तुम्हाला देतानाच.’ मग जरा थांबून, ‘का? काही झालं का तिला?’

‘काही नाही. मूठ सैल झालीय.’

‘ह्यांना सांगते. ते येतील शनिवारी.’

ती मधे थांबली होती. साधं थांबणं. गॅसवरचं दूध बघितलं असेल, दारावरची बेल वाजली असेल. पण माझा धंदा असा आहे की मला थांबणी ऐकू येतात. ‘हे आमच्या पणजोबांचं,’ म्हणताना माणूस पणजोबांच्या आधी जो जरासा थांबतो, तिथेच मी पेन्सिल उचलते. मी फोन ठेवला आणि वहिनीच्या त्या थांबण्याला रात्रीपर्यंत कुरवाळत बसले.

मधल्या दिवसांत मी किटलीची जी तपासणी केली तशी कुणाच्या वस्तूची केली नसेल. रंग बघितला. वजन केलं, हाताला पाठ होतं तेवढंच भरलं. पण नक्कल करणारा वजन तर आधी जुळवतो. झाकणाच्या बिजागरीची झीज बघितली, बरोबर होती, मुद्दाम झिजवता येते. पोटाला एक पोचा आहे, मी लहानपणी किटली पायऱ्यांवरून घरंगळवली होती त्याचा. तो होता, त्याच जागी, त्याच खोलीचा. कुणालाही वाटेल, झालं, तीच किटली, संपलं. मलाही क्षणभर वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पण मग वाटलं, पोचा मारता येतो. मूळ किटली समोर ठेवून एका हातोडीत मारता येतो. मीसुद्धा मारू शकेन. आपण किती हुशार आहोत, असं त्या वेळी मला वाटलं. आता वाटतं, माणूस वेडा होतो तेव्हा त्याला असंच वाटत असेल. एकही पुरावा दादाच्या बाजूने उभा राहिला नाही, कारण जो उभा राहील त्याला मी खाली बसवत होते. आणि या सगळ्यात बाबांचं नाव माझ्या मनात एकदासुद्धा आलं नाही. झाळ लावण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, ज्यांच्या घरात ती वस्तू पहिल्यापासून होती, त्यांच्यावर शंका घ्यायचं सुचलंच नाही. समोर कुणी परका माणूस ही किटली घेऊन आला असता तर मी पहिला प्रश्न हाच विचारला असता, ‘घरात कुणी चांदीकाम करायचं का?’

दादाबद्दल जे जे चांगलं आठवत होतं तेही पालटून उलटं होत होतं. मी शाळेत प्रयोगशाळेची काच फोडली होती, तेव्हा दादा मुख्याध्यापकांसमोर जाऊन ‘माझ्याकडून फुटली’ म्हणाला होता. डोळ्याला डोळा भिडवून, पापणी न लववता. आम्ही दोघं घरी येईपर्यंत हसत होतो. मी ही गोष्ट सगळ्यांना कौतुकाने सांगत आले. आता गादीवर पडल्यापडल्या मनात आलं, म्हणजे खोटं बोलताना त्याचा चेहरा हलत नाही. इतकं नीच मला कधी वाटलं नव्हतं, आणि तरी तो विचार मी सोडला नाही. दादा आयुष्यभर पाणीखात्यात होता, जमिनीखालचे नळ कुठे गळतात ते शोधायचा. लांब लोखंडी कांब रस्त्यावर टेकवून तिला कान लावायचा आणि सांगायचा, इथे खणा. आमच्या घरात आम्ही दोघंही संशयावरच जगलो म्हणायचं. फक्त तो घरी येताना कांब ऑफिसात ठेवून यायचा.

शनिवारी दुपारी तो आला. नेहमीसारखा दोन मजले चढून धापा टाकत, हातात बिस्किटांचा पुडा, ‘छोटे, चहा टाक,’ असं दारातूनच ओरडत. माझे केस पांढरे झालेत, पण त्याची मी छोटीच. मी चहा टाकला. किटली टेबलावर होती. त्याने ती उचलली, मूठ हलवून बघितली आणि म्हणाला, ‘एवढ्याशा खिळीसाठी मला बोलावलंस? तुझं कौशल्य काय लोणच्यात घातलंस?’

‘दादा,’ मी म्हटलं, ‘हिचा तळ बदललेला आहे.’

 त्याचं तोंड उघडं पडलं, आणि मग तो हसायला लागला. टेबलावर थाप मारून, चहा सांडेपर्यंत हसला. ‘सापडलं! अगं बाई, सापडलं एकदाचं! बाबा असते तर नाचले असते गं! कधी? कसं काय सापडलं?’

मला काही कळेना. ‘काय सापडलं?’

‘तो चौकोन! बाबांनीच केलाय तो.’ त्याने डोळे पुसले. ‘तू शिकायला बसायच्या आधी. किटली त्यांनी घडवली, आणि कुठल्याशा मोडक्या वाटीचा शिक्का कापून तळाला बसवला. झाळीचा दिवा मी धरला होता, माझा हात भाजला होता त्यात. म्हणाले, पोरीची परीक्षा घेऊ. वाफ सोडू नको म्हणून सांगतो, म्हणजे ती सोडणारच. पहिल्या महिन्यात पकडेल बघ. तू कसली आज्ञाधारक निघालीस! महिना गेला, वर्ष गेलं, बाबा रोज वाट बघतायत. मी म्हणायचो सांगून टाका. तर आधी म्हणायचे थांब, पकडेल. आणि नंतर नंतर म्हणाले, राहू दे आता. जगात सगळ्याच वस्तूंकडे ती तिरक्या नजरेने बघते, ही एक आहे जिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवते. तेवढी राहू दे तिला.’

मी ऐकत होते. बाबांचा आवाज त्याच्या आवाजात येत होता, ‘राहू दे आता’ ते अगदी असंच म्हणायचे, शेवटचा शब्द जरा गिळून.  आणि तरी, देवा, मनाचा एक कोपरा कोरडाच बसून होता आणि मोजत होता. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक खोट्या वस्तूबरोबर एक गोष्ट येते. गोष्ट जितकी गोड तितकी वस्तू खोटी, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. अस्सल वस्तू घेऊन येणाऱ्यांना काही माहीत नसतं, ते नुसते खांदे उडवतात. आणि ही तर किती गोड गोष्ट होती. हिच्यात बाबा होते, मी होते, माफीसुद्धा आधीच घालून ठेवलेली होती.

 माझ्या चेहऱ्याकडे बघता बघता दादाचं हसू ओसरलं. त्याने सांडलेला चहा रुमालाने टिपला, रुमालाची घडी केली. मग म्हणाला, ‘पण तू मला बाबांबद्दल विचारायला बोलावलंच नव्हतंस ना.’

‘नाही.’

‘वहिनीला विचारलंस, कुणाकडे दिली होती का म्हणून.’

‘हो.’

‘म्हणजे मी विकली, आणि तुला ही दुसरी दिली.’

नाही म्हणता आलं असतं. त्याला ते हवं होतं, मला दिसत होतं. खोटं असतं तरी त्याने घेतलं असतं. पण मी धंद्यात कधी खोटं सांगितलेलं नाही. ‘मला तसं वाटलं,’ मी म्हटलं.

‘आणि आता?’

गॅलरीत बाबांचा बाक आहे. दिवा, चिमटे, सगळं मी तसंच ठेवलंय. माझी नजर तिकडे गेली आणि त्याने ती जाताना बघितली. आयुष्यभर गळती शोधलेला माणूस तो.

‘खाली दाणा आहे,’ तो म्हणाला. ‘त्या तुकड्याच्या खाली. बसवायच्या आधी त्यांनी शिक्का मारला. उद्या कुणी मला लबाड म्हणायला नको, म्हणाले.’

‘दादा, मी काही…’

‘उघडून बघ.’

‘नको रे. तापवायला लागेल. खराब होईल ती.’

‘मग नको बघू.’

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला, बिस्किट नको असेल तर नको घेऊ म्हणावं तसं.  त्याने मला दार उघडं करून दिलं होतं, हे मला कळत होतं. त्याच्या हातावर हात ठेवायचा, चहा पुन्हा गरम करायचा, बाबा किती लबाड होते म्हणून दोघांनी हसायचं. एवढंच करायचं होतं. मला ते हवंही होतं, मनापासून हवं होतं. पण मी पुढचं बघत होते. तो पुढच्या वेळी येईल, बिस्किटं आणेल, छोटे म्हणेल, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत मनात म्हणेन, दाणा असेल का? दर वेळी म्हणेन. त्यापेक्षा एकदाच काय तो सोक्षमोक्ष. एकदा खात्री झाली की मग त्याच्यावर निखळ, काठोकाठ प्रेम करता येईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मी किटली उचलली.

मुठीच्या खिळी काढल्या, मूठ बाजूला ठेवली. किटली उपडी करून बाकावरच्या विटेवर ठेवली, दिवा पेटवला. दादा माझ्या मागे दारात उभा होता, खांदा चौकटीला टेकवून. मी ज्योत बारीक केली आणि तळावर फिरवू लागले. चांदी आधी मळकट झाली, मग काळवंडली, मग तिच्या पोटातून लाली वर यायला लागली. नळीच्या सांध्याला ओली माती थापायला हवी होती, तिथलीही झाळ सुटू नये म्हणून. बाबा कुणालाही आधी ते शिकवत. मला घाई झाली होती, मी विसरले. चौकोन आता वाफेशिवायच दिसत होता, चमकती रेघ, पाण्यासारखी हलणारी. मी चिमटा घातला आणि तुकडा उचलला. त्याच क्षणी नळी सुटून विटेवर पडली, तिचा आवाजसुद्धा फार झाला नाही.

मी भिंग लावून वाकले. घामाने भिंग धूसर झालं, पुसलं, पुन्हा वाकले. लालसर खाचेच्या मधोमध, काजळलेला पण स्पष्ट, दाणा होता. मधे चीर. बाबांचा. माझ्या छातीतून असं काही सुटलं की मी ओरडलेच, ‘दादा, आहे रे! आहे दाणा! खरं आहे सगळं, बघ, ये ना, बघ तरी!’

मागे वळले तर तो दारात नव्हता. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून तो चप्पल घालत होता. पट्टा लागत नव्हता, तो वाकून पुन्हा पुन्हा लावत होता.

‘दादा, आहे दाणा,’ मी दारात येऊन म्हटलं. हातात चिमटा, चिमट्यात तो तुकडा तसाच होता, अजून तापलेला. मी लहान मुलीसारखी हसत होते. ‘एकदा बघून तरी जा.’

पट्टा लागला. तो उठला, गुडघ्यावर हात देऊन, नेहमीसारखा कण्हत.

‘मी काय बघू?’ तो म्हणाला. ‘मी होतो ना तिथे.’

आणि दार ओढून घेतलं. आपटलं नाही, तो कधी आपटत नाही. मी त्याची पावलं ऐकत उभी राहिले. दोन मजले तो उतरला, मधे कुठेही थांबला नाही.